माएबूर्गचा डावखुरा

बॉक्सिंगमधला लाइटवेटचा बेटावरचा पट्टा चार वर्षं माझ्याकडे होता. पहिल्या वर्षाबद्दल मला काही सांगायचं नाही. तो पट्टा मी सरळ लढून मिळवला आणि सरळ लढून एकदा राखला. पुढची तीन वर्षं मात्र लोक माझ्याबद्दल एकच गोष्ट बोलत, बरेचदा पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही, की मी माएबूर्गच्या एका माणसाला टाळतोय. ते खरं होतं का, हे मी फक्त दोघांना सांगितलं आहे. त्यातली एक माझी बायको आणि दुसरा तो माणूस स्वतः.

मी मोंतान्य ब्लांश या गावचा. आमची माणसं कोकणातून ऊस तोडायला इथे आली आणि इथलीच झाली. बा मळ्यावर कामाला होता. मी थोडं शिकलो म्हणून साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. बॉक्सिंग शिकलो ते शेजारच्या कार्तिए मिलितेरच्या क्लबात. क्लब म्हणजे बाजाराच्या मागे एक पत्र्याची शेड, आत वाळू भरलेल्या दोन पिशव्या टांगलेल्या आणि बोटीचे जुने दोर लावून केलेली रिंग. शिकवणारा माणूस महायुद्धाच्या वेळी इंग्रजांच्या फौजेतून इजिप्तला जाऊन आला होता आणि बॉक्सिंग तिथूनच घेऊन आला होता. सगळे त्याला कापोराल, म्हणजे कॉर्पोरल, म्हणत. तो क्रेओल होता, आफ्रिकी वंशाचा, आणि आमचं बोलणं बेटावरच्या क्रेओल भाषेतच व्हायचं. घरात आमची जुनी मोडकी मराठी, क्लबात क्रेओल, कारखान्यात साहेब आला की फ्रेंच.

मला पट्टा मिळाला तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. बेटावरच्या क्लबांची मिळून एक कमिटी होती, तीच लढती ठरवायची. नियम साधा होता. ज्याला पट्टा हवा त्याच्या क्लबानं कमिटीला पत्र लिहायचं, कमिटी ते पत्र चँपियनच्या क्लबाकडे पाठवणार, आणि चँपियनचा क्लब तारीख देणार. तारीख कधीपर्यंत द्यायची, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याआधी, म्हणजे मी कुणीच नव्हतो तेव्हा, रविवारी दुपारी आम्ही गावच्या चिनी दुकानदाराच्या बाकावर बसून परदेशातल्या मोठमोठ्या चँपियनांच्या गोष्टी करत असू. रेडिओवर ऐकलेलं, जुन्या फ्रेंच मासिकात वाचलेलं. अमक्यानं तमक्याला सहा वर्षं झुलवलं, वय होऊ दिलं आणि मग मारलं. दुसऱ्यानं फक्त म्हातारेच निवडले. त्या बाकावर सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. "लढायचं नसेल तर पट्टा खाली ठेवावा," असं मी म्हणायचो आणि सगळे मान डोलवायचे.

पट्टा घेऊन आलो त्या वर्षी गणपतीत देवळाच्या कमिटीनं मला पुढे बसवलं. गळ्यात हार घातला. देवळाचे अध्यक्ष रविवारच्या मराठी वर्गाचे मास्तरही होते. मी लहानपणी त्यांच्याकडेच बाराखडी गिरवलेली. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या लोकांत असा दुसरा कोण नाय. जप." त्यांना माझी तब्येत म्हणायची होती, एवढं मलाही कळत होतं. पण आय त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगायची, मास्तर म्हणाले पट्टा जप. पुढे मीही तसंच म्हणायला लागलो, फक्त मनात.

माएबूर्गच्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते क्यूरपिपच्या एका हॉलमध्ये. शनिवारची दुपार होती. आमच्या क्लबातल्या एकाची लढत होती म्हणून मी आणि कापोराल गेलो होतो. त्याच्या आधी हा उतरला. अंगानं काटक, उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं रापलेला, घरी शिवलेली पँट. मच्छीमार आहे एवढंच कुणीतरी सांगितलं. समोर पोलिसातला एक कॉन्स्टेबल होता. त्याच कॉन्स्टेबलला हरवताना आदल्या महिन्यात माझा दम निघाला होता. तीन जजांपैकी एकानं त्याला पॉइंट दिले होते.

मच्छीमार उजवा पाय पुढे टाकून उभा राहिला. डावखुरा. पहिला राउंड त्यानं नुसतं बघण्यात घालवला. दुसऱ्यात कॉन्स्टेबल पुढे आला आणि मच्छीमाराचा डावा हात त्याच्या जबड्यावर बसला. तो हात कुठून निघाला ते मला दिसलं नाही. पुन्हा नीट बघावं म्हणून मी खुर्चीत पुढे वाकलो, तोवर कॉन्स्टेबल गुडघ्यावर आला होता आणि रेफरी आकडे म्हणत होता.

परतीच्या बसमध्ये कापोराल बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. कार्तिए मिलितेरचा चौक जवळ आला तेव्हा म्हणाला, "अजून कच्चा आहे."

"हो," मी म्हटलं.

तो कच्चा नव्हता. कापोरालला ते दिसलं होतं, मलाही दिसलं होतं, आणि आम्ही एकमेकांकडे न बघता बसमधून उतरलो.

त्यांच्या क्लबाचं पहिलं पत्र दोन महिन्यांनी आलं. कापोरालनं ते मला दाखवलं आणि म्हणाला, "ऊसतोड सुरू होतेय. तुला कारखान्यात बारा-बारा तास उभं राहायचंय. ऊसतोड झाल्यावर बघू." ते काही खोटं नव्हतं. तोडणीच्या दिवसांत कारखाना थांबत नाही आणि फिटरला हलता येत नाही. पण त्याच ऊसतोडीत मी एक लढत खेळलो, रोझ हिलच्या एका पोराशी. तो पोरगा बरा होता, पण सरळ हाताचा होता आणि माझ्यापेक्षा हळू होता.

दुसरं पत्र आलं तेव्हा शेजारच्या रेयूनियों बेटावरून एक पाहुणा बॉक्सर येणार होता. कमिटीलाही ती लढत हवी होती, हॉल भरणार होता. मी त्याला आरामात हरवलं. तिसरं पत्र आलं तेव्हा माझं मनगट दुखत होतं. खरंच दुखत होतं. कारखान्यात पान्हा निसटून लागलं होतं. डॉक्टरनं आठ दिवस म्हटलं. मी घरी सांगितलं पंधरा दिवस, कापोरालला सांगितलं महिना, आणि कापोरालनं कमिटीला कळवलं तीन महिने. आमच्यापैकी एकानंही एकदम मोठं खोटं सांगितलं नाही. प्रत्येकानं थोडं थोडं वाढवलं.

या काळात मी सरावाला कधी दांडी मारली नाही. रोज संध्याकाळी सायकलनं क्लबात जायचो. पण तीन वर्षांत मी एकाही डावखुऱ्याबरोबर सराव केला नाही, आणि कापोरालनंही कधी आणला नाही. डावखुऱ्याशी लढायची तयारी चालू आहे असं दिसलं असतं तर पुढे तारीख द्यावी लागली असती.

गावात लोक बोलू लागले होते. दुकानाच्या बाकावर मी आता क्वचित बसायचो. एकदा काडेपेटी घ्यायला गेलो तर बाकावरून कोणी तरी हळूच म्हणालं, "ली पेर." म्हणजे घाबरतो. मी वळून पाहिलं. पाचही जण माझ्याबरोबर लहानाचे मोठे झालेले. एकानंही नजर उचलली नाही. मी काडेपेटी घेऊन घरी आलो आणि बायकोला म्हटलं, दुकानात यापुढे तू जा.

शेवटी कमिटीतल्या एका माणसानं आग्रह धरला आणि फेब्रुवारीची तारीख ठरली. लढतीला चार दिवस उरले असताना रेडिओवर वादळाचा इशारा आला. आधी पहिल्या वर्गाचा, मग दुसऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे वादळ आता अंगावर येणार असा. कारखाना बंद झाला. आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकल्या, कोंबड्या स्वयंपाकघरात घेतल्या, पत्र्यावर दगड ठेवले. दुपारपर्यंत वारा असा वाढला की पत्रे खिळ्यासकट उचलायला बघत होते. आय कोपऱ्यात बसून देवाचं नाव घेत होती. बा दाराला पाठ लावून उभा होता. धाकटी मुलगी रडत होती आणि बायकोनं तिला छातीशी घट्ट धरलं होतं.

आणि मी खूश होतो.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तोवर मी स्वतःला काहीही समजावू शकत होतो. ऊसतोड, पाहुणा, मनगट. पण त्या दुपारी माझ्या डोक्यावरचं छप्पर जायची पाळी आली होती, वर्षाचा ऊस आडवा होत होता, आणि माझ्या छातीत एक हलकं, गोड वाटत होतं, की आता लढत होणार नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो की काय कोण जाणे.

आमचे पत्रे टिकले. लढत ज्या हॉलमध्ये व्हायची होती त्याचं अर्धं छप्पर उडालं. कमिटीनं दुसरा हॉल सुचवला, कापोराल म्हणाला तो फार लहान आहे. पुन्हा सगळं थंड पडलं.

त्या वर्षी जूनमध्ये बायको माएबूर्गला गेली. तिची मोठी बहीण तिथे दिलेली, तिचं बाळंतपण होतं. बायको तेव्हा स्वेटरच्या फॅक्टरीत कामाला होती, आठवडाभराची रजा काढून गेली. सोमवारच्या बाजारात ती मासे घ्यायला उभी राहिली आणि समोर विकायला हाच. तिनं त्याला ओळखलं नाही. त्यानं मात्र तिला ओळखलं. पेपरात आमचा दोघांचा एक फोटो आला होता.

परत आल्यावर तिनं मला हे सांगितलं ते चुलीपाशी, डाळ घोटता घोटता.

"मासा घेतला तर काय केल्या पैसे घेईना. म्हणला, तुमचा मालक बरा हाय ना? हात बरा झाला ना त्याचा?"

"आणि?"

"आणि काय. म्हणला, त्याला सांगा माझ्या मनात कायबी वाईट नाय. वादळाचं कुणाच्या हातात असतं? यंदा नायतर फुडल्या वर्षी लढू."

ती घोटायची थांबली.

"तो वाईट बोलला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी भांडले असते. त्याच्यासमोर मला मान खाली घालायला लागली. तुमच्या मनगटाला आठ दिवस सांगितलेले, ते मी ऐकलेलं, डॉक्टरकडे मीच आलेली तुमच्यासंगती."

"मी भितोय," मी म्हटलं. मराठीत म्हटलं. क्रेओलमध्ये ते शब्द मी दुकानात ऐकले होते आणि तिथे ते शिवीसारखे होते. मराठीत ते साधे वाटले.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "वादळाच्या दिवशीच कळलं." मग ती पुन्हा डाळ घोटायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "भितो म्हणून कोण घरातनं काढीत नाय तुमाला. पण त्या माणसाला तरी सांगा. तो वाट बघतोय."

पुढच्या रविवारी सकाळी मी दोन बस बदलून माएबूर्गला गेलो. कापोरालला सांगितलं नाही. किनाऱ्यावर चौकशी केली, लोकांनी हातानं दाखवलं. तो उलट्या घातलेल्या नावेच्या सावलीत बसून बांबूचा माशांचा सापळा विणत होता. मला पाहून उठला, हात पँटला पुसला आणि पुढे केला. डावा नाही, उजवा.

"काय चँपियन," तो म्हणाला. "इतक्या लांब?"

आम्ही बसलो. त्यानं चहा मागवला. हवेचं, उसाचं, माशांचं बोलून झालं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा निघाला, तेहतिसाव्यात होता. हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याबद्दल रोज विचार करत होतो आणि त्याचं वय मला माहीत नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तो तुझा कापोराल तुला अडवतो ना? मी सगळ्यांना तेच सांगतो. इथली पोरं म्हणतात, चँपियन घाबरतो. मी म्हणतो, तसं नाही, त्याला लढायचंय, म्हातारा सोडत नाही. परवा एकाशी भांडलोसुद्धा त्यावरून."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. माझ्यासाठी भांडणारा एकच माणूस बेटावर उरला होता आणि तो हा होता.

"कापोरालनं अडवलं नाही," मी म्हटलं. "म्हणजे तोही आहे त्यात. पण मी सांगितलं असतं तर त्यानं तारीख दिली असती. मीच तुला टाळलं."

त्यानं हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली.

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

"वादळ सोडून," तो म्हणाला.

"वादळ सोडून. पण वादळ आलं तेव्हा मला आनंद झाला."

तो हसेल असं मला वाटलं होतं. किंवा चिडेल. त्यानं पट्टी उचलून पुन्हा सापळ्यात ओवली. मग म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी मी जास्त चांगला होतो. आता सकाळी नाव ओढली की पाठ धरते. हे तुला माहीत असतं तर आला नसतास इथे. अजून दोन वर्षं थांबला असतास."

"असेल," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"मग लवकर ये," तो म्हणाला.

तारीख मी स्वतः कमिटीला जाऊन दिली, ऑक्टोबरची. कापोरालला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो खूप चिडला. "तू जिंकलास तर लोक म्हणतील म्हाताऱ्या कोळ्याला मारलं. हरलास तर सगळं गेलं. यात तुझा फायदा कुठे आहे?" मी म्हटलं, फायदा नाही. तो म्हणाला, मग तुझ्या कोपऱ्यात दुसरा कुणी बघ. आठ दिवस तो क्लबात आला नाही. नवव्या दिवशी आला तो फौजेतल्या एका जुन्या मित्राचा मुलगा घेऊन. तो पोरगा डावखुरा होता. कापोराल मला म्हणाला, "चार महिने आहेत. तीन वर्षांचं काम आहे. डावीकडे फिर. त्याच्या डाव्या हातापासून लांब, नेहमी डावीकडे."

लढत रोझ हिलला झाली, दुपारी. देवळातले बरेच लोक बसनं आले होते, मास्तर पहिल्या रांगेत. दुकानाच्या बाकावरचे पाचही जण आले होते. माएबूर्गहूनही दोन बस भरून आल्या होत्या आणि हॉलमध्ये माशांचा वास येतो म्हणून आमचे लोक कुजबुजत होते.

मला लढतीबद्दल फार बढाया मारायच्या नाहीत. पहिले दोन राउंड मी डावीकडे फिरत राहिलो आणि माझा उजवा हात त्याला लागत होता. मला आश्चर्य वाटलं. तो त्या क्यूरपिपच्या दुपारसारखा नव्हता. हात निघताना आता मला दिसत होता. तिसऱ्या राउंडमध्ये मला वाटलं की मी जिंकतोय, आणि तेवढ्यात मी डावीकडे जायचं विसरलो. खाली पडलो ते कळलं रेफरी चार म्हणाला तेव्हा. आठवर उठलो.

पुढचे तीन राउंड आम्ही दोघंही दमलेले होतो. तो पाठ वाकवून उभा राहायचा, मला ते दिसत होतं आणि तरी मला पुढे जाता येत नव्हतं. तीन वर्षं मी हळू माणसांशी लढलो होतो. त्यांच्यासमोर ज्या चुका चालून गेल्या त्या माझ्या हातापायात मुरल्या होत्या. अडचणीत आल्यावर काय करायचं, हे मी विसरलो होतो, कारण मी स्वतःला अडचणीत येऊच दिलं नव्हतं. कापोराल कोपऱ्यात पाणी पाजताना ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पाय. पाय." पाचव्यात माझी भुवई फुटली.

दोन जजांनी त्याला दिलं, एकानं मला. रेफरीनं त्याचा हात वर केला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेहतीस वर्षांचा बाप्या. पट्टा कमरेला लावून देण्याचं काम माझंच होतं. त्याच्या मागचं बक्कल मला लागेना, घामानं बोटं निसटत होती. तो मान मागे वळवून म्हणाला, "सावकाश."

बसमध्ये मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "भुवईला हळद लाव, पण टाकेबी घालून घे." दुसऱ्या दिवशी सोमवार होता, ऊसतोड चालू होती, कारखान्यात रसाच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. मी टाके घातलेल्या भुवईनं दिवसभर पंपाखाली पडून होतो. संध्याकाळी दुकानात जाऊन बाकावर बसलो. त्यांनी सरकून जागा दिली. कुणी लढतीचा विषय काढला नाही. उसाला यंदा साखर कमी आहे याबद्दल बोलत होते.

मी पुन्हा पट्ट्यासाठी लढलो नाही. दोन वर्षांनी खेळणं सोडलं आणि कापोराल थकला तेव्हा क्लबात शिकवायला लागलो.

माएबूर्गच्या माणसाकडे पट्टा अडीच वर्षं राहिला. पहिल्या वर्षात तो दोनदा लढला, दोन्ही वेळा चांगल्या माणसांशी. मग पोर्ट लुईच्या गोदीतला एक हमाल पुढे आला. तेवीस वर्षांचा, खांदे असे की दारातून आडवं जावं लागावं. मी त्याला लढताना पाहिलं आणि मला क्यूरपिपची दुपार आठवली. गोदीवाल्याच्या क्लबानं पत्र लिहिलं. माएबूर्गहून उत्तर आलं, समुद्र सध्या खवळलेला आहे, मासेमारी चुकवता येत नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, घरात लग्न आहे. तिसऱ्याला आलं, खांदा दुखतो आहे.

मी तेव्हा कमिटीवर होतो. ही पत्रं माझ्या हातून जात होती. इतरांनी मला विचारलं, तुझी ओळख आहे, जाऊन बघ.

मी गेलो. आता आमचं जाणं-येणं होतं. घरच्या लग्नाला, कुणी गेलं तर. तो अंगणात बसला होता. मी पत्रांचा विषय काढला नाही, त्यानंच काढला.

"तू त्या पोराला पाहिलंस?"

"पाहिलं."

"खांदा खरंच दुखतोय," तो म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

त्यानं खांदा चोळला. मग म्हणाला, "आठ-दहा दिवस." आणि त्याला हसू आलं, आणि मलाही आलं. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. त्याची बायको बाहेर येऊन बघून गेली.

हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "तुला तेव्हा कसं वाटायचं? रोज वाटायचं?"

"रोज नाही," मी म्हटलं. "पत्र आलं की वाटायचं. मग पुढचं पत्र येईपर्यंत विसरायला व्हायचं."

"मला रोज वाटतं," तो म्हणाला. "तू टाळत होतास तेव्हा मी तुझ्यासाठी भांडायचो. मला वाटायचं, पट्टा असलेल्या माणसाला भीती कशी असेल? आता कळलं. आपल्याकडे जे नसतं ते जायची भीती कुणालाच नसते." मग त्यानं विचारलं, "मी लढलो तर तो मला मारेल ना?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. "हो," मी म्हटलं. "मला वाटतं तिसऱ्या राउंडच्या आत."

"मलाही तसंच वाटतं."

तो लढला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं पट्टा कमिटीला परत केला. सोबत चार ओळींचं पत्र होतं, मुलीकडून लिहून घेतलेलं. त्यात खांद्याचा उल्लेख नव्हता. आता माझ्यानं होत नाही, एवढंच लिहिलं होतं. कमिटीतले काही जण म्हणाले, हेही टाळणंच झालं. मी त्यांच्याशी वाद घातला आणि हरलो. इतिवृत्ताच्या वहीत 'लढण्यास नकार' असं लिहिलं गेलं.

गोदीवाल्यानं रिकामा पट्टा जिंकला आणि तो दर तीन-चार महिन्यांनी येईल त्याच्याशी लढला. दीड वर्षात हरला. त्यानं कुणालाच टाळलं नाही. मी एकदा त्याला विचारलं होतं, तुला भीती वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटते. पण क्लबातलं कुणी मला पत्रं दाखवतच नाही. तारीख सांगतात, मी येतो."